गाऊनमधला एकोणिसावा

नाना शिर्के बँकेत गेले की आधी टोकन घेतात, मग खुर्ची पकडतात, आणि मग हातातल्या पिशवीतून टॉवेलच्या कापडाचा मरून गाऊन काढून शर्ट-पँटवर चढवतात. पट्टा बांधतात, मांड्यांवर हात ठेवतात आणि समोर बघत बसतात. बँकेतली माणसं आधी नानांकडे बघतात आणि मग त्यांना गाडीतून घेऊन आलेल्या माझ्याकडे. अबू धाबीच्या उन्हाळ्यात बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत हा माणूस आंघोळीला निघाल्यासारखा बसलेला. मी मोबाइलमध्ये डोकं घालते.

टोकनचा नंबर लागला की नाना उठतात, गाऊन उतरवतात, घडी घालून माझ्या हातात देतात आणि खांदे सैल करत काउंटरकडे जातात. तिथून पुन्हा बसायला सांगितलं, एसीने दात वाजायला लागले, तरी गाऊन परत अंगावर येत नाही. एकदा उतरलेला माणूस परत बाकावर बसत नाही, असा नियम आहे म्हणतात. हा कुठल्या बँकेचा नियम, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. बँकेचा नव्हे, फुटबॉलचा.

नाना आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे गुहागरकडचे. मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका फॅब्रिकेशन यार्डात ते स्टोअरकीपर म्हणून लागले तेव्हा मी शाळेत होते. आता सत्तरी ओलांडली तरी मालक त्यांना सोडत नाहीत, कारण कुठला पाइप कुठल्या रॅकवर आहे हे नानांखेरीज कुणालाच कळू नये अशी व्यवस्था त्यांनी वेळीच करून ठेवली आहे. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. त्यामुळे बँक, क्लिनिक, सरकारी अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर ही सगळी वरात माझ्या गाडीतून निघते.

क्लिनिकमध्ये तर कहर झाला होता. व्हिसाच्या मेडिकलसाठी गेलो, मी फॉर्म भरायला वळले आणि परत येऊन बघते तर खुर्ची रिकामी. वॉर्डातला पेशंट भटकत खाली आलाय असं समजून एका नव्या नर्सने नानांना व्हीलचेअरवर घालून वर नेलं होतं. मी पोचले तेव्हा नाना पलंगावर बसून जेली खात होते. तुम्ही काही बोलला कसे नाहीत, म्हटलं. तर म्हणाले, "कोचनं बोट दाखवलं की उठायचं. का म्हणून विचारायचं नाही."

आता हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. हा ऑस्ट्रेलियातला. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, हातात धरून पळा, लाथ मारा, दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर उडा आणि झेल घ्या, सगळं चालतं. एका बाजूला अठरा जण. त्याशिवाय दोघे बाकावर, एकोणिसावा आणि विसावा. पूर्वीच्या काळी हे दोघे थंडीत गाऊन घालून बसायचे. कुणी जायबंदी झाला की कोच बोट दाखवायचा, मग गाऊन उतरवायचा आणि आत पळायचं. नानांच्या गाऊनच्या खिशावर यार्डाजवळच्या पठाण शिंप्याने पिवळ्या दोऱ्याने एकोणीसचा आकडा काढून दिलाय. पाठीवर एका हॉटेलचं नाव उसवल्याच्या खुणा आहेत, त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

या खेळातली एक गोष्ट मात्र मलाही पटलेली आहे. गोलाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. "चुकलेल्याचाही मान ठेवणारा खेळ जगात दुसरा दाखव," असं नाना म्हणतात. दिवाळीत माझे अनारसे तेलात हसले, विरघळून नुसता खिमा झाला, तेव्हा नाना दारात उभे राहून म्हणाले, "एक गुण." माझ्या नवऱ्याला, अजितला प्रमोशन मिळालं नाही, एक गुण. आमची इरा गणितात काठावर पास झाली तेव्हा मात्र नाना दीड गुण म्हणाले, कारण ती त्यांची लाडकी.

या सगळ्याच्या मुळाशी आहे मिस्टर बर्ट. मेलबर्नच्या एका उपनगरी क्लबाचा खेळाडू, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा, पुढे इथे नानांना भेटलेला. बर्टची कारकीर्द नाना आम्हाला हप्त्याहप्त्याने सांगत आले आहेत, बहुतेक वेळा लिफ्टमध्ये. तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत साधारण एक क्वार्टर होतो, आणि असे चार क्वार्टर झाले की एक सामना. पहिल्या सामन्यात पाऊस होता, चिखलात सगळ्यांचे पाय रुतलेले आणि हा एकटा उडतोय. मग श्रीमंत क्लबाने त्याला बोलावलं, त्याने नाही म्हटलं. मग खाटकाच्या मुलीशी लग्न. मग वाऱ्याविरुद्धचा तो प्रसिद्ध क्वार्टर, ज्यात चेंडू मारला की मारणाऱ्याच्याच डोक्यावरून मागे जायचा आणि बर्टने जमिनीलगत मारून तो गोलात घातला. आमच्या घरी बसून हे सांगताना नाना आमच्याकडे बघत नाहीत. खिडकीतून पार्किंगकडे बघतात, आणि हळूहळू तिथल्या पिकअप आणि पाण्याचे टँकर दिसेनासे होऊन तिथे गवत उगवल्याचा भास मलाही होतो. एकदा मला स्वप्न पडलं, त्यात मुसफ्फाचं यार्ड होतं, पण हिरवंगार, आणि कंटेनरवर कोट-टोपी घातलेली माणसं बसून टाळ्या वाजवत होती. सकाळी हे नानांना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

इरा ही कारकीर्द ऐकतच मोठी झाली. नानांची कुठे चूक झाली तर ती लगेच धरते. "नाना, लास्ट वीक ही वॉज ट्वेंटी-नाइन." मग नाना कान पकडतात आणि बर्टचं वय दुरुस्त करतात. हल्ली बर्ट एकतिशीला आलाय, त्याचा गुडघा दुखतोय, आणि त्याचा शेवटचा सामना तोंडावर आहे. तो गेली कित्येक वर्षं तोंडावरच आहे. इरा विचारते, व्हेन इज द लास्ट मॅच? नाना म्हणतात, पाऊस पडला. मैदान ओलं आहे. पुढच्या शनिवारी, इन्शाल्ला.

नानांची मुलगी वैशाली चिपळूणला असते. तिने बाबांसाठी घरावर एक खोली चढवली, कमोड बसवला, खिडकीला जाळी लावली. आठवड्यातून एकदा तिचा मला फोन येतो. "ताई, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. आता पुरे म्हणावं." मी सांगते. नाना ऐकून घेतात, आणि त्यांचं एकच ठरलेलं उत्तर येतं, "कोचनं अजून बोट दाखवलेलं नाही." बर्टचा शेवटचा सामना आणि नानांचं परत जाणं यांची कुठेतरी गाठ बसलेली आहे, हे मला कधीचं कळत होतं. ती सोडवायची कशी, हे कळत नव्हतं.

अशात इराच्या शाळेत नेथन नावाचे नवे पी.टी. सर आले. हे ऑस्ट्रेलियाचे, आणि शनिवारी सकाळी मुलांना हाच खेळ शिकवू लागले. इराने पहिल्याच दिवशी त्यांना बर्टचं नाव, क्लब, लग्न, गुडघा, सगळं सांगून टाकलं. नेथन थक्क झाले, कारण त्यांचे आजोबा त्याच क्लबाचे लहानपणापासूनचे भक्त. येत्या शनिवारी तुमच्या नानांना घेऊन या, मुलांना आणि पालकांना त्या खेळाडूची गोष्ट सांगू द्या, असं त्यांनी मला कळवलं. नानांनी त्याच संध्याकाळी गाऊन धुतला.

गुरुवारी इराला आणायला गेले तेव्हा नेथन फाटकापाशी थांबले होते. अवघडून म्हणाले, आजोबांना विचारलं. त्यांना त्या काळातला सगळा संघ तोंडपाठ आहे. या नावाचा माणूस क्लबातून कधी खेळलाच नाही. मग नेथननी स्वतःही शोधलं, कुठेच नाव नाही. ते रागावलेले नव्हते. पण शनिवारी ऑस्ट्रेलियाकडचे बरेच पालक असतील, त्यातला कुणीतरी गमतीत काही विचारेल, म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

अजित म्हणाला, कशाला सांगतेस, डोक्याला कल्हई. पण मला राहवेना. माझी खात्री झाली होती की त्या बर्टने नानांना वर्षानुवर्षं थापा मारल्या आणि या भोळ्या माणसाने त्या गंगाजळासारख्या जपल्या. राग आला मला त्या गोऱ्याचा. आणि भीतीही वाटली, की बर्ट गेला तर नानांकडे उरतं काय? मी घावनं केली, नारळाची चटणी घेतली आणि समोरची बेल दाबली.

नाना गाऊनला इस्त्री करत होते. मी घावनं ठेवली, इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदाचं सांगून टाकलं. नानांनी इस्त्री उचलून उभी ठेवली.

"उतरलाच नाही तो कधी, तर नाव कुठून असणार?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाना शांतपणे बाहीची घडी घालत होते. मग त्यांनी सांगितलं ते असं.

बर्ट त्यांच्या यार्डाचा साहेब होता. उन्हाळ्यात दुपारी काम थांबायचं, तेव्हा सगळे एका मोठ्या कंटेनरच्या सावलीत पडायचे. एकदा अशाच दुपारी बर्टने सांगितलं की ऐन तारुण्यात तो अख्खा एक सीझन गाऊन घालून बाकावर बसला होता. कोचने एकदाही बोट दाखवलं नाही. पुढच्या वर्षी क्लबाने बोलावलंच नाही. एवढीच त्याची कारकीर्द. सांगून तो टोपी तोंडावर घेऊन झोपला. नानांना मात्र झोप येईना. त्यांनी त्याला हलवून विचारलं, "साहेब, इफ कोच शो फिंगर, देन व्हॉट?"

बर्ट उठून बसला. आणि त्या दुपारी पहिला सामना झाला, चिखलातला.

पुढे रोज दुपारी सामना. बर्ट मैदानात, नाना कॉमेंट्रीला. खाटकाच्या मुलीशी लग्न नानांनी लावून दिलं, कारण खराखुरा बर्ट एकटाच होता. श्रीमंत क्लबाला नकारही नानांनीच द्यायला लावला. मग बर्टची तब्येत बिघडली आणि तो परत गेला. त्या काळी इथली आपली माणसं घरी कॅसेट पाठवायची. खोलीवर टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, घरच्यांशी बोलल्यासारखं बोलायचं आणि गावी जाणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची. नाना महिन्याला दोन कॅसेट भरू लागले. एक गुहागरला वैशूच्या आईला, एक पोस्टाने बर्टला. एकीत संसार, एकीत सामना.

"आणि एकदा अदलाबदल झाली," नाना म्हणाले.

गुहागरच्या घरी टेप लावला, ऐकायला वाडीतले सगळे जमलेले, आणि नवऱ्याचा आवाज एखादा माणूस बुडत असल्यासारखा ओरडतोय, "बर्ट रनिंग! बर्ट जंपिंग! ओ माय गॉड, बर्ट ऑन द शोल्डर!" तिकडे मेलबर्नला बर्टने ऐकलं की पावसाच्या आधी कौलं परतून घे, गाभण म्हशीला उन्हात बांधू नकोस, वैशूच्या कानाला तेल घाल. बर्टने उलट कळवलं की काही समजलं नाही, पण पाच-सहा वेळा ऐकली, कुणीतरी घरच्या माणसाशी बोलतंय असं वाटलं, अशी आणखी पाठव. आणि वैशूच्या आईच्या उलट आलेल्या कॅसेटमध्ये म्हशीचं, कौलांचं, सगळं सांगून झाल्यावर शेवटी थोडी खरखर होती. मग ती हळूच विचारते, "आणि जिंकला का हो तुमचा बर्ट?"

तेव्हापासून दोघांनाही दोन्ही जायला लागल्या. वैशूच्या आईच्या प्रत्येक कॅसेटच्या शेवटी तोच प्रश्न असायचा. आधी बर्ट गेला. काही वर्षांनी ती गेली. तिच्या वेळेला नाना इथे विमानतळावर तिकिटासाठी बसून होते. पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

"शेवटचा सामना लावायचा कसा? लावला, तर विचारणार कोण?" नाना म्हणाले. मग घावनाचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "घावन चांगलं झालंय. मीठ कमी आहे. एक गुण."

मी घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. अजितला वाटलं, नानांनी वाईट वाटून घेतलं. नेथनना मात्र मी रात्रीच्या जेवणाआधीच सगळं कळवलं.

शनिवारी सकाळी असं धुकं पडलं होतं की मैदानाच्या पलीकडची शाळा नाहीशी झाली होती. जानेवारीत इथे अशी सकाळ कधीतरी येते, वाळवंट आहे की समुद्र तेच कळत नाही. नेथन आम्हाला घ्यायला गाडीपाशी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, आजोबांना पुन्हा विचारलं, गाऊनमधला कुणी आठवतो का? आजोबा म्हणाले, गाऊनमध्ये एक-दोन पोरं कायम असायची, त्यांच्या तोंडाकडे कोण बघतो. मी हे नानांना सांगितलं नाही, पण त्यांना ते ठाऊकच असावं.

मुलं आणि पालक गोल करून बसले. नाना गाऊन घालून मध्ये उभे राहिले आणि आपल्या यार्डातल्या इंग्रजीत म्हणाले, "माय फ्रेंड बर्ट, ग्रेट प्लेयर. नेव्हर प्ले. ओन्ली सिटिंग." मुलं हसली. एका गोऱ्या बापाने हसतच विचारलं, मग ग्रेट कसा? नानांनी त्याच्याकडे आणि मग सगळ्या पालकांकडे एकदा बघितलं. "वेटिंग," ते म्हणाले. "यू नो वेटिंग?" तिथे आयर्लंडचे होते, केरळचे होते, लाहोरचे होते, आम्ही होतो. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही.

मग मुलांचा आणि पालकांचा मिळून सामना सुरू झाला. इराला खांबांपाशी उभं केलं, गोल झाला की दोन बोटं दाखवायची, बाजूने गेला की एक. नाना माझ्याशेजारी बाकावर बसले. खेळाडू धुक्यात शिरायचे आणि कुठूनतरी भलतीकडून बाहेर यायचे. शेवटचा क्वार्टर सुरू झाल्यावर नेथन मैदानाच्या मध्यावरून पुढे आले, थांबले, आणि त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं.

नानांनी मागे वळून बघितलं, कुणाला दाखवतोय ते. मागे कुणी नव्हतं.

ते उठले. पट्ट्याची गाठ सुटेना, मी सोडवायला गेले तर माझा हात बाजूला केला. गाऊन उतरवला, नीट घडी घातली, माझ्याकडे दिला. नाना, जपून हं, गुडघा, असं मी म्हणाले. "माझा कसला गुडघा?" नाना म्हणाले. "बर्ट चाललाय." आणि खांदे सैल करत ते धुक्यात गेले.

त्यानंतर मला ते दिसले नाहीत, नुसता आवाज ऐकू येत होता. "लास्ट मॅच, लास्ट क्वार्टर. विंड अगेन्स्ट. बर्ट नी पेनिंग. बर्ट नॉट टेलिंग एनिबडी." मध्येच मुलांची ओरड, मध्येच काही नाही. घडी केलेला गाऊन मांडीवर होता, अजून उबदार. "बर्ट रनिंग. स्लोली रनिंग. यल्ला बर्ट, यल्ला." मग चेंडूला लाथ बसल्याचा आवाज आला आणि चेंडू धुक्यातून डुलत बाहेर पडला, खांबांकडे गेला, मधल्या खांबाला चाटून बाजूला वळला. इराने मान वर करून नीट बघितलं आणि एक बोट दाखवलं.

नाना परत आले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत गवत चिकटलं होतं. मी गाऊन पुढे केला, त्यांनी घेतला नाही. नुसते माझ्यासमोर उभे राहिले. धाप लागली होती, तरी बसत नव्हते, आणि जातही नव्हते. ते कशासाठी थांबलेत हे मला जरा उशिरा कळलं.

"जिंकला का हो तुमचा बर्ट?" मी विचारलं.

नानांनी डोळे मिटून घेतले. "जिंकला," ते म्हणाले. "एका गुणानं."

इरा पळत आली होती. "बट मम्मा, नोबडी वॉज कीपिंग स्कोअर." मी तिला गाडीत बसवलं. नानाही पुढे येऊन बसले, कुडकुडत, आणि मी या देशात आल्यापासून पहिल्यांदा गाडीचा हीटर लावला. थोडं पुढे गेल्यावर नाना म्हणाले, "वैशूला फोन लाव. म्हणावं, खोली झाडून ठेव."

घरी पोचल्यावर लावते, असं मी म्हटलं आणि वेग आणखी कमी केला. आम्हाला यायला इतका वेळ का लागला, असं अजितने नंतर विचारलं. धुकं होतं म्हणून गाडी हळू चालवली, असं मी सांगितलं.